पहिल्या नंबरचा लेख

"अण्णा, माझा लेख महिनाभर सर्चमध्ये पहिल्या नंबरवर आहे! ऑफिसने पेढे दिलेत. तुम्ही मात्र अर्धाच घ्या, शुगर वाढेल," शर्वाणी वडिलांना म्हणाली.

अण्णांनी अख्खा पेढा तोंडात टाकला. "आता कसलं पथ्य! गोळ्यासुद्धा बंद केल्या. जांभळाच्या बियांची पूड घेतो. नेटवर शोधलं, सगळ्यात वर हेच आलं."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. मथळा तिचाच होता. खालचं डॉक्टरांचं नावही तिनेच बनवलेलं. डॉक्टरांचं नाव दिसलं की लोक लेख शेवटपर्यंत वाचतात, असं ऑफिसात सगळेच म्हणत.

तिने त्यांच्या हातातला दुसरा पेढा हिसकावला.

"अगं, भला माणूस आहे हा डॉक्टर," म्हणत अण्णांनी पायमोजा उतरवला. "फक्त ही जखम भरत नाहीये. नेटवरून त्यांना विचारशील का?"