निघत असे

निवृत्त झाल्यापासून ग्रंथपाल दुपारी विश्वकोशासाठी संशोधन-नियतकालिकांवर नोंदी लिहायचा. ना कौतुक, ना टीका. कुठून निघतं, कधीपासून, संपादक कोण, एवढंच. लिहिलेलं वाक्य मोठ्याने म्हणून बघायची त्याला खोड होती. शेजारी पलंगावर बायको गाढ झोपलेली असायची.

एकदा तो म्हणाला, "हे त्रैमासिक नियमित निघते."

"निघत असे," ती झोपेतच पुटपुटली.

त्याला हसू आलं. संध्याकाळी कळलं, ते त्रैमासिक त्याच दिवशी बंद पडलं होतं.

पुढे आणखी एका मासिकाचं तसंच झालं. मग मात्र तो मनातल्या मनात वाचू लागला.

आज पडद्यातून पिवळसर ऊन झिरपत होतं. त्याने ओठही हलवले नव्हते.

"दुपारी ते इथे बसून लिहीत असत," ती सावकाश म्हणाली, नोंद वाचावी तशी.

तो खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळला. "अगं, लिहितात म्हण! मी आहे की इथे."

ती जागी झाली. खुर्चीकडे बघत राहिली, मग उठून फडकं घेऊन आली.

"अगं, ऐकतेस ना?"

ती टेबलावरची धूळ पुसू लागली. तिथे टेकलेल्या त्याच्या हातांवरचीसुद्धा.