प्रॉम्प्टरबाईंचं मत

सकाळी अकरा वाजता, सहकारी नाटकमंडळी बंद करण्यासाठी सभासदांची सभा रिकाम्या रंगमंचावर भरली. ठराव एकमतानेच व्हायचा होता. एक नकार पुरेसा होता. तो नकार प्रॉम्प्टरबाई मनात घट्ट धरून बसल्या होत्या. मंडळी त्यांच्या नवऱ्याने उभी केली होती.

"आता मी थकलो," विंगेतून कुणीतरी कुजबुजलं.

"आता मी थकलो," नेपथ्यकार उठून म्हणाला. "माझी संमती."

बाईंनी वळून पाहिलं. विंगेत कुणी नव्हतं.

"पोरांना काय नाटकं खायला घालू?" पुन्हा कुजबूज झाली. नायिकेने तेच वाक्य डोळे पुसत म्हटलं. कुणीही अडखळत नव्हतं. इतकी चोख तालीम या मंडळीने कधी केली नव्हती.

शेवटी अध्यक्ष, म्हणजे बाईंचा दीर, त्यांच्याकडे वळला.

"वहिनी, जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पुरवलीत. आज एक स्वतःचं बोला."

बाईंनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"माझी संमती." विंगेतून त्यांचाच आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

सगळ्यांनी बाईंकडे पाहून माना डोलावल्या.

"एकमताने मंजूर," बाईंचा आवाज विंगेतून हळूच कुजबुजला.

"एकमताने मंजूर," दीर म्हणाला.