एक विद्यार्थी कमी

वर बसून फर्मान काढणाऱ्याचं काय जातं? खुर्ची त्याची, पंखा त्याचा, आणि वहाणा झिजतात त्या दुसऱ्याच्या. वनस्पतीशास्त्राला पुरेशी पोरं नाहीत, उद्या दुपारपर्यंत भरा, नाहीतर विभागाला कुलूप. आयुष्य शिकवण्यात घालवलेल्या माणसाला एवढं सांगायला कॉलेजच्या चालकांनी शिपाई पाठवला. स्वतः समोर यायची छाती झाली नाही. इतक्या वर्षांत विभागाला ना एक धड सूक्ष्मदर्शक दिला, ना रिकाम्या झालेल्या जागेवर माणूस. आधी झाडाचं पाणी तोडायचं आणि मग फळ का धरत नाही म्हणून कुऱ्हाड चालवायची, याला कारभार म्हणतात?

सर दिवसभर दारोदार फिरले. एका दारात कळलं की पोरगा हिशेबनीस होणार, ठरलंय. दुसऱ्या दारातल्या आजोबांनी तोंडभर हसून विचारलं, कुंडीला पाणी घालायला पदवी कशाला लागते हो? सरही हसले. गरजवंताला अक्कल नसते, अभिमान तर त्याहून नसतो. तिसरीकडे अंगावर कुत्रं सोडलं नाही, एवढंच. तरी नाकदुऱ्या काढत काढत त्यांनी संख्या जमवत आणली. एक विद्यार्थी कमी पडत होता.

संध्याकाळी एकच घर उरलं. तिथे हा विषय काढायचा नाही, असं त्यांनी सकाळीच मनाशी ठरवलं होतं. पण बुडणारा माणूस ठरवतो एक आणि हात घालतो भलतीकडेच. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी वहाणा काढल्या.

मुलगी टेबलाशी बसून पुठ्ठ्याचं छोटं घर चिकटवत होती. ती उठली नाही. रात्रीचा दिवस करून तिने वास्तुकलेला जागा मिळवली होती आणि उद्या ती पक्की करायची होती. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. सरांच्या हातातला कोरा अर्ज तिला दिसला आणि तिचा चेहरा उतरला. तिने पाणी दिलं, मागोमाग चहा. साखर किती, ते विचारलं नाही.

"म्हणजे आता इथवर आलात," ती म्हणाली.

सरांनी दिवसभर बोलून पाठ झालेलं बोलायला घेतलं. विषय अवघड आहे, हे त्यांनी लपवलं नाही. देठाचा काप ब्लेडने इतका पातळ घ्यायचा की त्याच्याखालचं छापील अक्षर वाचता यावं. पहिलं वर्ष तर देठापेक्षा बोटंच जास्त कापली जातात. नावं अशी की जीभ मोडावी. पण अवघड असतं तेच माणसाला घडवतं, वगैरे. मग नोकऱ्यांचं सांगितलं. बियाण्यांच्या प्रयोगशाळा, औषधांचे कारखाने, जंगल खातं. हे सगळं बोलताना ते मुलीकडे नाही, त्या पुठ्ठ्याच्या घराकडे बघत होते.

मुलीने डिंकाचा ब्रश खाली ठेवला. तुमच्याकडे शिकून त्याच कामाला कोण कोण लागलं, असं तिने शांतपणे विचारलं. सरांनी एकाचं सांगितलं. दुसरं आठवेना. बाकीच्यांपैकी एक फोन दुरुस्त करतो, एक विमा विकतो. बरा विकतो.

"आणि माझी वास्तुकला?"

त्यातही पाच वर्षं रक्त आटवायचं, फी भरता भरता घर धुऊन निघायचं, आणि शेवटी कुणाच्या तरी कचेरीत दुसऱ्यांच्या संडासाचे नकाशे काढत बसायचं, सर म्हणाले. हे अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच बोलताना त्यांना स्वतःची शिसारी आली.

"तिच्या बापाने तिला शब्द दिलाय," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुला हवं ते शिक म्हणून."

"देताना त्याला पुढचं दिसलं नसेल."

"बापांना कधी दिसतं?"

विभाग बंद झाला तर तुमचं काय, असं मुलीने विचारलं. कायमचं घरी, सर म्हणाले. या वयात दुसरं कॉलेज दारात उभं करणार नाही आणि शिकवण्या घ्याव्यात तर या विषयाला पोरं येत नाहीत.

"मग घर कशावर चालणार?"

सरांनी चहा न संपवताच कप खाली ठेवला.

पोरगी मनाने हळवी आहे, आई म्हणाली, तिच्या गळ्यात धोंडा बांधून स्वतः तरायला बघू नका. सर अजिजीवर आले. फक्त एक वर्ष, म्हणाले. तेवढ्यात काहीतरी दुसरं बघता येईल, मग तिने खुशाल वास्तुकलेला जावं. मिळालेली जागा वर्षभर कुणासाठी थांबत नाही, हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

मुलीने ते पुठ्ठ्याचं घर उचललं, कपाटावर ठेवलं, टेबल पुसलं आणि अर्ज पुढे ओढला. एकेक रकाना तिने न थांबता भरला. आई ताडकन उठून आत गेली. आत भांडी आदळायला लागली.

सरांनी सुटकेचा श्वास घेतला आणि त्या श्वासाचीच त्यांना लाज वाटली. आभार मानायला त्यांनी तोंड उघडलं, पण मुलीने हाताने थांबवलं. अर्ज त्यांच्यासमोर ठेवून तिने पेन त्यांच्या बोटांत दिलं.

"इथे वडिलांची सही लागते," ती म्हणाली. "पण करण्याआधी सांगा, हे शिकून उद्या मी कुणाच्या दारात उभं राहायचं, बाबा?"