वर्षश्राद्धाचं पापलेट

जाळ्यावरचं यंत्र वाजलं तसा धर्माजी चहा तसाच टाकून यंत्राच्या पडद्याकडे धावला. या किनाऱ्याच्या समुद्रात उरलेली पापलेटं चारशे अकरा, त्यातलं एक जाळ्यात, गाभोळीनं, अंड्यांनी भरलेलं. अशा मादीला जाळं एरवी आपणहून वाट करून द्यायचं. पण आज रखमाचं वर्षश्राद्ध होतं आणि धर्माजीनं बायकोच्या ताटासाठी एका पापलेटाचा परवाना मिळवला होता. आवडीचं नसलं तर कावळा शिवत नाही, आणि रखमाला गाभोळीच आवडायची.

“‘ठेवा’ दाबा, दाजी,” मेव्हणा जोमा म्हणाला. “गाभोळी नाही आणली म्हणून ताईच्या कमी शिव्या खाल्ल्यात का?”

धर्माजी हसला आणि त्याचा हात थांबला. पडद्यावर जाळ्याबाहेर एका नराचा ठिपका घुटमळत होता. मादी सरकली की तोही सरकत होता.

धर्माजीनं ‘सोडा’ दाबलं. आकडा चारशे अकराच राहिला.

दुपारी ताटात सुके बोंबील वाढून तो म्हणाला, “रखमे, आज एवढ्यावर भागव.”

कावळा शिवायला संध्याकाळ झाली. तोवर धर्माजी ताटापासून हलला नाही.