बरं वाटलं

तिसऱ्या ओळीवर ड्रम थांबले.

गायक आणखी दोन शब्द गाऊन गप्प झाला. शेजारी त्याच्या बायकोच्या बोटाखाली बेसची जाड तार तेवढी थरथरत राहिली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. अल्बममधलं एवढं एकच गाणं उरलं होतं.

"आता काय?" गायकाने मागे न बघताच विचारलं.

ड्रमवर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याने दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या. "दाजी, परत म्हणा. नुसते शब्द."

या तिघांचाच बँड. आईवडलांच्या तरुणपणी गाजलेलं न्यू वेव्ह नावाचं धावतं, बेचैन संगीत त्यांनी पुन्हा उकरून काढलं, आणि पहिल्याच अल्बमवर लोक बेभान नाचले. दुसऱ्याने मात्र गायकाची झोप उडवली होती. 'पहिला अल्बम होतो, दुसरा करावा लागतो,' असं रेकॉर्डिस्ट चहा पिता पिता म्हणाला होता, आणि गायकाला ते हसण्यावारी नेता आलं नव्हतं. आपण नुसते नाचवणारे नाही, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणून हे गाणं संथ होतं. तालमीत तो चाल गुणगुणायचा फक्त. शब्द त्याने नेहमीसारखे ऐन वेळी आणले होते.

त्याने ते सपाट आवाजात म्हटले. "श्वास थांबला तिचा, मग मी यंत्र बंद केलं. केवढी शांतता झाली घरात. बरं वाटलं. काय सांगू, बरं वाटलं."

बहिणीने बेसचा पट्टा उगाच खांद्यावर वरखाली केला.

"हे बोलतंय कोण?" धाकट्याने विचारलं.

"गाण्यातलं माणूस. ते वेगळं असतं रे."

"मग आमच्या आईचं ऑक्सिजनचं यंत्र त्याच्याकडे कसं गेलं?"

गायक हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. दीड वर्ष बहीणभावांनी पाळ्या लावून आईला सांभाळलं होतं. ती गेली त्या सकाळी पाळी बहिणीची होती. त्या खोलीत काय झालं, काय वाटलं, हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं.

"मी बोलले होते," ती म्हणाली. भावाकडे बघायचं धाडस तिला होईना, म्हणून ती नवऱ्याकडेच बघत राहिली. "तुला सांगितलं होतं मी. गायला दिलं नव्हतं."

"अगं, पण याच्याइतकं खरं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं!" गायकाचा आवाज चढला. "बदल म्हणालीस तर बदलतो. पण मग त्या जागी काय घालू? पुन्हा चांदणं? पुन्हा रस्त्यावरचे दिवे?"

धाकटा उठला, जड दार ढकलून बाहेर गेला.

दार आपोआप मिटलं. त्या गादी लावलेल्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. तो जिन्यात आहे की रस्त्यावर, की घरीच निघून गेला, काही कळायला मार्ग नव्हता. बहिणीने तार जुळवली. जुळलेलीच होती. तिने ती उतरवली आणि परत जुळवली. वर्षभर ती ही एकच गोष्ट भावापासून जपत आली होती. त्याने आईच्या उशीचा अभ्राही अजून धुऊ दिला नव्हता.

"तो समजून घेईल," गायक म्हणाला.

"तू गप्प बस रे जरा."

दार उघडलं. धाकट्याचं तोंड ओलं होतं, केसांतून पाणी गळत होतं. नळाखाली डोकं धरून आला असावा. कुणाकडे न बघता तो ड्रमच्या मागे बसला, बूड सावरलं, पेडल दोनदा दाबून पाहिलं.

"हे गाणं इतकं हळू का आहे?"

"विषय तसा आहे ना," गायक म्हणाला.

"नाही. बरं वाटलेलं माणूस असं पाय ओढत चालत नाही. पळत सुटतं."

बहिणीने आता त्याच्याकडे बघितलं. "तुला रे काय ठाऊक?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि काठ्या उचलल्या. "ताई, येशील ना बरोबर?"

उत्तराला थांबलाच नाही. काठीवर काठी आपटून त्याने चार मोजले, ते जवळजवळ दुप्पट वेगात. पहिल्या ठोक्याला ती मागे पडली, दुसऱ्याला तिने दात आवळले, तिसऱ्याला ती त्याच्या शेजारी होती. संथ गाण्याचे तेच सूर आता उतारावरून सुटल्यासारखे धावू लागले. दिव्याचं काचेचं झाकण किणकिणायला लागलं. धाकटा पुढे काढायचा, ती गाठायची. ती पुढे गेली की तो खिदळायचा, लहानपणी हरल्यावर खिदळायचा तसा.

गायकाने पहिली ओळ पकडायचा प्रयत्न केला. 'श्वास थांबला' म्हणेपर्यंत गाणं कुठल्या कुठे निघून गेलं. दुसऱ्यांदा तो 'शांतता'वर अडखळला. तिसऱ्यांदा त्याने नुसताच श्वास घेतला.

रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून हात वर करून खुणेने विचारलं, थांबवू?

गायकाने मान हलवली. नको.

तो माइकसमोर तसाच उभा राहिला, तोंड किंचित उघडं ठेवून, आत शिरायला कुठे फट सापडते का ते बघत. त्या दोघांनी फट ठेवली नव्हती.