रतनची ओटी

शेजारच्या साळूबाईनं ओटीचं ताट हातात घेतलं आणि राहीबाई पाच पावलं मागं सरकली. पुणतांब्याहून एसटीत बसतानाच तसं ठरलं होतं. ताटातला हिरवा खण राहीबाईचा, नारळ राहीबाईचा, तांदूळही तिनंच निवडलेले. पण तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि विधवेनं ओटी भरायची नसते. मागच्या साली घरच्या सुनेची ओटी भरली, तेव्हा राहीबाई चुलीपाशी पुऱ्या तळत बसली होती. तिला कुणी आतच बस म्हणालं नव्हतं. ते सांगावं लागत नाही.

आजची ओटी होती रतनची. रतन म्हणजे रेडिओवरच्या श्रुतिकेतली सून. दर गुरुवारी संध्याकाळी चावडीवरच्या रेडिओत तिचा आवाज आला, की घरोघरच्या भाकरी करपल्या तरी बाया जागच्या हलत नसत. रतनची दोन लेकरं पोटातच गेली होती. आता तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला होता आणि तिची खाष्ट सासू काही केल्या ओटी भरू देत नव्हती. रतन रडली की अख्खं पुणतांबं नाक ओढायचं.

"सोसल्याबिगर असं रडता येत न्हाई," राहीबाई म्हणायची. तिची स्वतःची दोन लेकरं गेली होती, त्यामुळे या बाबतीत तिचा शब्द कुणी खोडून काढत नसे.

देवळाली प्रवरा इथं रेडिओच्या कलावंतांचा आणि श्रोत्यांचा मेळावा आहे, असं कानावर आलं आणि तिनं त्याच बाजारी खण घेतला. "सासू न्हाई भरत तर न भरू दे. पोरीला म्हायेर न्हाई, पर आमी हाय की!" रेडिओतलं सगळं खोटं असतं, हे साळूबाईच्या नवऱ्यानं, बन्सीनं, राहीबाईला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिनं त्याला समजावू दिलं नाही.

शाळेच्या मैदानावरचा मंडप फुलून गेला होता. निवेदक एकेका कलावंताला पुढं बोलवत होता. खाष्ट सासू म्हणून दोन वेण्यांची, जेमतेम पंचविशीतली पोरगी लाजत उभी राहिली आणि हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. रतनचा तरणाबांड नवरा निघाला चांगला टकलू. बाया तोंडाला पदर लावून एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

"आणि आता, तुम्हा सगळ्यांची लाडकी रतन!"

साठीच्या घरातल्या एक बाई खुर्चीतून उठल्या. पांढरं पातळ, पिकलेले केस, कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही. बायांच्या तोंडावरचे पदर खाली आले. 'फसवलं की,' असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. बाई सावकाश माईकपाशी आल्या.

"मी रतन. आलात ना सगळ्याजणी?"

तोच आवाज! विशीतल्या पोरीचा, जरासा भ्यालेला, कुणी मागून हाक मारील म्हणून घाईनं बोलणारा. राहीबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. डोळे मिटले की समोर रतन, उघडले की म्हातारी. तिनं दोन-तीनदा मिटून उघडून पाहिलं. हे माणसाचं काम नव्हे, असं तिला वाटलं. तिचे हात आपोआप जोडले गेले, आणि देवळातसुद्धा ते इतक्या मनापासून जोडले जात नसत.

तोवर साळूबाई ताट घेऊन स्टेजवर चढली होती. बाईंनी हसून पदर पुढं केला. साळूबाईचं लक्ष त्यांच्या कपाळाकडं गेलं आणि ती थबकली.

"आगं बया! हिची कशी भरायची?"

ती बोलली हळूच, पण माईकनं ते मंडपाच्या पार टोकापर्यंत पोचवलं.

बाईंनी पदर मागं घेतला. "राहू द्या, ताई," त्या म्हणाल्या. आता आवाज त्यांचा स्वतःचा होता, थोडा बसका. "रतनला पोचली असं समजा." निवेदकानं घाईघाईनं हार मागवला.

राहीबाईला ते पाहवेना. आपण चुलीपाशी बसलो ते बसलो, पण रतनच्याही वाट्याला तेच यावं? आज ही ओटी राहिली तर ती कायमची राहील, एवढं तिला कळलं. ती गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढली आणि तिनं साळूबाईच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"आगं राहीबाई, तुला चालत न्हाई!"

"व्हय. आन तिलाबी चालत न्हाई. मंग आमचं आमी बघतो."

विधवेची ओटी विधवेनं भरायची की नाही, याचा नियम करायचा राहूनच गेला होता. राहीबाईनं ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं. ते बाईंच्या कपाळाला टेकवलं. मग तिनं पदरात खण घातला, नारळ ठेवला आणि ओंजळ ओंजळ तांदूळ पाच वेळा घातले.

"माय," राहीबाईनं बाईंच्या कानाशी लागून विचारलं, "तुमची किती लेकरं गेली?"

बाई दोन्ही हातांनी पदर गच्च धरून उभ्या होत्या.

"लेकरू कुठलं? नऊ वर्षांची होते मी, कुंकू पुसलं तेव्हा," त्या म्हणाल्या. "रतनचं सगळं मी अंदाजानंच बोलते."