चार नंबरची चिठ्ठी

“छत्री,” सोनूबाई म्हणाल्या. “चावी. विळी. आणि ह्या काय गे बायो, कासव?”

“कासवच,” श्रुतिका हसली. हिरव्या पडद्याच्या अलीकडे ती स्टुलावर बसली होती, हातात चित्रांचा गठ्ठा. पडद्याच्या पलीकडे डॉ. चैतन्य सोनूबाईंच्या उघड्या मेंदूवर विजेची बारीक सळी टेकवत होते. गाठ डावीकडे होती, बोलण्याच्या जागेला अगदी चिकटून. म्हणून तर बाईंना मुद्दाम जागं ठेवलं होतं. सळी टेकली आणि बोलणं अडलं, की ती जागा बोलण्याची. तिथे नंबराची चिठ्ठी ठेवायची आणि तेवढी गाठ आतच सोडून द्यायची. तीन चिठ्ठ्या ठेवून झाल्या होत्या.

स्पीच थेरपिस्ट म्हणून श्रुतिका अशा ऑपरेशनला पहिल्यांदाच बसली होती. डोकं उघडं पडलेलं माणूस आपल्याशी खुशाल गप्पा मारतंय, याचं नवल तिला सकाळपासून सरत नव्हतं.

“मावशी, दुखत नाही ना?”

“माका काय एक दुखणा नाय. आणि आज माझो गुरवार, उपास तसोय होतोच.”

चित्रं संपली, तशी ती घरच्या गप्पांकडे वळली. वाकोल्यात किती वर्षं झाली, नातवंडं किती. सळी जागा बदलत होती, उत्तरं भराभर येत होती.

“आणि यजमानांचं नाव काय?”

सोनूबाई गप्प.

सळी उचलली, थोड्या वेळाने तिथेच पुन्हा टेकवली. अडलं की तोच प्रश्न तीनदा विचारायचा, असा नियम. तिन्ही वेळा बाई गप्प.

डॉक्टरांनी चार नंबरची चिठ्ठी ठेवली. “नको तिथेच आली. गाठीचा मोठा तुकडा नेमका हिच्याखाली आहे. राहू दे आत. वाचाच गेली तर काय उपयोग?”

आत राहिलेली गाठ पुन्हा वाढते, हे श्रुतिकाला ठाऊक होतं.

“उजवा हात हलतोय,” भूलतज्ज्ञ म्हणाल्या.

“फिटचा झटका असेल. मेंदूवर शिंपडायला थंड पाणी आणा.”

श्रुतिका वाकली. हात झटके देत नव्हता. तो हळूहळू खांद्याशी काहीतरी चाचपत होता. हॉस्पिटलच्या झग्यावर जे नव्हतं, ते. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि गाल लाल झाले होते.

पदर!

तिने काल बाईंना विचारून भरलेला फॉर्म उलटला. पतीचं नाव: सहदेव. अक्षर टपोरं, वळणदार. हा प्रश्न आला तेव्हा शेजारी बसलेल्या सहदेवकाकांनीच पेन मागून घेतलं होतं. म्हणजे हे नाव बाईंच्या तोंडून तिने कालही ऐकलं नव्हतं.

“सर, पाणी नको. झटका नाहीये. चिठ्ठी उचला, तिथे पुन्हा एकदा टेकवा.”

“तीनदा बघितलं ना गं?”

“तिन्ही वेळा एकच प्रश्न, सर. चुकला तो माझा प्रश्न.”

सळी टेकली. श्रुतिका बाईंच्या कानाशी गेली. “मावशी, नुसतं नको. उखाण्यात घ्या.”

ओठ थोडे सैल झाले.

“डोक्याला पाडली खिडकी, डॉक्टर बघतत वाकून,
सहदेवरावांचं नाव घेते, सगळ्यांचा मान राखून!”

मास्कच्या आत सगळे हसले. श्रुतिकाने चित्रं भराभर उलटली. छत्री, चावी, विळी, कासव. सळी तिथेच, पण बाई एकदाही अडल्या नाहीत. डॉक्टरांनी चार नंबरची चिठ्ठी ट्रेमध्ये टाकली आणि गाठीचा तो तुकडा काढायला घेतला.

सगळं आटोपलं तेव्हा सोनूबाईंनी श्रुतिकाचा हात धरला. “भायर ह्यांका सांगा नको हां.”

बाहेर सहदेवकाका बाकावरून उठून उभे राहिले.

“बोलते ना गो ती?”

“बोलतात काका,” श्रुतिका म्हणाली. “तुमचं नाव सोडून सगळं.”